जाळीपलीकडची फाईल : रोबो, प्लायवूड आणि पोरांनी उभारलेले मांडव

परवा गणपतीच्या मखराची जाळी आणायला एमआयडीसी रोडवरच्या सीएनसीवाल्याकडे गेलो होतो. मशीन चालू होतं. टेबलावर आठ बाय चारचा एमडीएफ बोर्ड, वर गरगर फिरणारं पातं, खाली भुश्याचा ढीग. चालवणारा पोरगा आयटीआय झालेला. त्याला सहज विचारलं, "जाळ्या सोडून यावर अजून काय होतं रे?"

तो म्हणाला, "सर, फाईल द्याल ते होतं. पण लोक फाईलच जाळीची आणतात."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. कारण याच जातीच्या मशीनवर जगात दुसरीकडे कॉलेजच्या पोरांनी भिंती रचल्या, घरं कापली, मांडव उभे केले. त्या पोरांनी वेगळी फाईल आणली, एवढाच फरक. त्या फायलींचा इतिहास आज सांगतो. थोडा लांब आहे, पण शेवटी आपल्याच जिल्ह्यांकडे येतो.

आधी मशीनची जन्मकथा. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचा कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवायचा. पात्याचा वळणदार आकार हाताने अचूक येईना, म्हणून आकड्यांवर मशीन चालवायची कल्पना त्याने काढली. अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून एमआयटी या संस्थेने १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. आपल्या गावातलं सीएनसी हे त्याचं खापरपणतू म्हणा. पुढे १९६३ मध्ये त्याच एमआयटीतल्या आयव्हन सदरलँड या पीएचडीच्या विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' केलं. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने रेघ ओढायची सोय त्यात होती.

म्हणजे साठ वर्षांपूर्वीच दोन्ही गोष्टी हाताशी होत्या. संगणकावर काढता येत होतं आणि आकड्यांवर कापताही येत होतं. पण बांधकामात या दोघांची गाठ पडायला पुढची तीसेक वर्षं गेली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकसाठी फ्रँक गेहरी यांनी किनाऱ्यावर भला मोठा मासा उभारला, तेव्हा विमानं बनवायला वापरलं जाणारं कॅटिया हे सॉफ्टवेअर त्यांच्या ऑफिसने हाती घेतलं. पण असे खेळ श्रीमंत प्रकल्पांनाच परवडायचे.

उशीर का झाला? मला वाटतं, अडचण मशीनची नव्हती, कामाच्या वाटणीची होती. आर्किटेक्टने नकाशा काढायचा, कंत्राटदाराने तो वाचायचा, सुताराने लाकूड कापायचं. काढणारा कापत नाही आणि कापणाऱ्याला कुणी विचारत नाही. ही वाटणी मोडायला कुणीतरी असं हवं होतं, ज्याला धंदा सांभाळायचा नाही आणि चुकलं तरी नोकरी जायची भीती नाही. असे लोक कॉलेजातच सापडतात.

१९९८ मध्ये एमआयटीत प्रा. नील गर्शेनफेल्ड यांनी 'जवळपास काहीही कसं बनवावं' अशा अर्थाच्या नावाचा एक कोर्स सुरू केला. संशोधन करणाऱ्या मूठभर विद्यार्थ्यांना मोठी मशिनं वापरता यावीत, एवढाच हेतू होता. जागा दहाएक होत्या आणि दारात शंभरेक पोरं. त्यात आर्किटेक्चरवाले होते, चित्रकार होते. त्यांना संशोधन करायचं नव्हतं, आपल्या हाताने वस्तू बनवायची होती. इथून पुढे 'फॅब लॅब' ही कल्पना निघाली. लेझर कटर, राउटर, थोडं इलेक्ट्रॉनिक्स एका खोलीत ठेवायचं आणि ती खोली सगळ्यांना उघडी ठेवायची.

२००५ मध्ये झुरिकच्या ईटीएच या संस्थेत फाबिओ ग्रामाझिओ आणि मथियास कोलर हे दोन आर्किटेक्ट प्राध्यापक म्हणून आले. कारखान्यात वापरतात तसला रोबोचा हात त्यांनी आणला आणि विद्यार्थ्यांना सांगितलं, याच्याकडून विटा रचून घ्या. २००६ चा हा 'प्रोग्रॅम्ड वॉल'चा वर्ग. पोरांनी भिंतीचा नकाशा काढला नाही. प्रत्येक वीट कुठे बसेल, किती अंशात वळेल याचा नियम लिहिला. गवंड्याला सरळ भिंत जमते, कमानही जमते. पण प्रत्येक वीट वेगळ्या कोनात लाव म्हटलं, तर तो दर विटेला खूण करत बसणार आणि शेवटी थापी टाकून घरी जाणार. रोबोला सरळ वीट आणि तिरकी वीट सारखीच. त्याच सुमारास त्याच पद्धतीने स्वित्झर्लंडमधल्या फ्लेश गावात गांटेनबाइन वाइनरीच्या भिंती झाल्या. २० हजार विटा अशा वळवल्या, की लांबून पाहिलं तर भिंतीवर द्राक्षांचे मोठमोठे मणी दिसतात. नाशिक-सांगलीवाल्यांनी फोटो जरूर शोधावा.

आता माझ्या सगळ्यात आवडीचं प्रकरण, जर्मनीतलं स्टुटगार्ट. तिथल्या विद्यापीठात आखिम मेंगेस आणि यान क्निपर्स यांच्या दोन संस्था आहेत, एक संगणकावरच्या डिझाईनची, दुसरी बांधकामाच्या रचनांची. दोघांनी मिळून विद्यार्थ्यांकडून प्रयोगाचे मांडव बांधून घ्यायला सुरुवात केली.

२०१० चा मांडव बर्चच्या प्लायवूडचा. जाडी फक्त साडेसहा मिलिमीटर. एवढ्या पातळ प्लायचं आपण काय करतो? ड्रॉवरच्या तळाला लावतो. कारण तो वाकतो. पोरांनी नेमका तो वाकण्याचा दोषच कामाला लावला. पतंगाची कामटी आठवा. सरळ असते तेव्हा लेचीपेची, कमान करून बांधली की ताठ. रोबोने सपाट पट्ट्या कापल्या, मग त्या वाकवून एकमेकींत अडकवल्या. एक वाकलेली, शेजारची ताणलेली. त्या ताणावर बारा मीटरहून जास्त व्यासाचा मांडव उभा राहिला. ५०० हून जास्त वेगवेगळे तुकडे आणि मधे जाड खांब एकही नाही.

२०११ ला पुढची पायरी. सँड डॉलर नावाचा एक चपटा समुद्री जीव असतो. त्याचं कवच छोट्या छोट्या तावदानांचं असतं आणि तावदानांच्या कडा दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशा गुंतलेल्या असतात. कुठल्याही एका बिंदूवर तीनच तावदानं भेटतात, म्हणून कवच पातळ असूनही टिकतं. विद्यार्थ्यांनी जीवशास्त्रज्ञांसोबत बसून ते समजून घेतलं आणि त्याच साडेसहा मिलिमीटरच्या प्लायमध्ये उतरवलं. ८५० हून जास्त वेगळे तुकडे आणि एक लाखाहून जास्त 'बोटं'. रोबोने ती कापली. पण गोंद लावणं, जोडणं, उभं करणं हे हातांनीच. पेट्यांसारखे भाग एकमेकांना साध्या स्क्रूने जोडले, म्हणजे मांडव सोडवून पुन्हा उभा करता येईल.

आणि गंमत बघा, हा मांडव इतका हलका झाला की तो कोसळायची काळजी नव्हती, उडून जायची होती! वाऱ्यासाठी त्याला जमिनीला बांधून घ्यावं लागलं. वळवाच्या पावसात ज्यांच्या गोठ्याचे पत्रे उडालेत, त्यांना ही काळजी वेगळी सांगायला नको.

"एवढा खटाटोप करून मांडवच ना?" असं कुणीतरी म्हणणार. बरोबर आहे. हे मांडव तात्पुरते असतात आणि स्वस्तही नसतात. पण २०१४ मध्ये श्वेबिश ग्म्युंड या जर्मन गावात एका उद्यान प्रदर्शनासाठी हॉल झाला, तो याच धड्यावर. बीचच्या प्लायवूडच्या २४३ पाट्या, जाडी ५० मिलिमीटर, सांधे त्याच बोटांचे. ती खरीखुरी इमारत आहे. पोरांचा खेळ तीन वर्षांत बांधकाम झाला.

अमेरिकेत तर विषय थेट घराचाच होता. २००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं. एमआयटीचे लॅरी सास आणि त्यांचे विद्यार्थी प्लायवूडच्या घरावर काम करत होते. सगळे भाग संगणकावरून कापायचे, खाचेत खाच घट्ट बसवायची आणि रबरी हातोड्याने ठोकायचं. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने शेजारच्या मोकळ्या जागेत पाच घरं उभारून दाखवली, त्यात न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या घरांच्या वळणाचं हे एक होतं. मला त्यातला हातोडा महत्त्वाचा वाटतो. जुन्या वाड्यात सुताराने खाच आणि कूस करून बिनखिळ्याची तुळई बसवली, तीच अक्कल इथे फाईलमधून परत आली.

या हकिकतीतलं एक साल मी मुद्दाम मागे ठेवलं. २००२.

एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब त्या साली सुरू झाली ती पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला. विज्ञान आश्रमात. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये हा आश्रम काढला. शाळा सुटलेली पोरं घ्यायची आणि वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीज करता करता विज्ञान शिकवायचं. पाबळची पोरं लोखंडी त्रिकोण जोडून घुमट उभारायची. तो घुमट मूळचा बकमिन्स्टर फुलर यांच्या कल्पनेचा. फुलर यांनी १९४८ च्या उन्हाळ्यात ब्लॅक माउंटन कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घेऊन खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांचा घुमट करायचा प्रयत्न केला, तेव्हा तो उभाच राहिला नाही. सगळ्यांनी त्याला 'आडवा घुमट' म्हणून हसून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात जमला.

एमआयटीच्या प्राध्यापकांना पाबळ का सुचलं असेल? 'करत करत शिका' हे बोस्टनमध्ये ते नव्याने शोधत होते आणि पाबळात ते आधीपासून चालू होतं. कलबाग सर २००३ मध्ये गेले. काम चालू आहे.

आता आपल्याकडे येतो, आणि इथे माझीही चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या एका संस्थेत लेझर कटर आणि राउटर आले. फीत कापली, नारळ फुटला. 'अत्याधुनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन' अशी तीन कॉलमची बातमी मीच लावली होती. नंतर मी तिकडे फिरकलो नाही. मागच्या महिन्यात दुसऱ्याच कामाला गेलो, तर मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ. विचारलं तर उत्तर मिळालं, "बिट मोडलं तर सही कोण करणार? तपासणीला कमिटी येते तेव्हा काढतो." तिथलीच पोरं प्रोजेक्टचं मॉडेल पुण्याहून पैसे देऊन कापून आणतात. मी 'मशीन आलं' एवढंच छापलं, 'पोरांना हात लावू देणार का' हे विचारलंच नाही. बातमी ती होती.

स्टुटगार्ट असो की झुरिक, रोबो विकत मिळतो. तिथे पोरांना जी मिळाली ती चुकायची परवानगी विकत मिळत नाही. १९४८ चा तो घुमट आपल्याकडे आडवा झाला असता, तर चौकशी समिती बसली असती आणि १९४९ उजाडलंच नसतं.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. ज्या संस्थांकडे अशी मशिनं आहेत त्यांनी आठवड्यातून एक दिवस कव्हर काढावं. वर्षाला चार बिटं मोडतील असं आधीच धरून चालावं. गावातला एखादा जुना सुतार शिकवायला बोलवावा, सांधा कसा बसतो ते पोरांना त्याच्याइतकं कुणी सांगणार नाही. आणि पहिलं काम म्हणून शाळेसमोरच्या स्टॉपवर, जिथे पोरी उन्हात एसटीची वाट बघतात, तिथे एक मांडव करावा. पहिला पडला तर दुसरा करावा. पडला तरी मी बातमी लावीन आणि यावेळी चौकशीची मागणी करणार नाही, हा शब्द देतो.

सीएनसीवाल्या पोराला मी त्या प्लायवूडच्या मांडवाचे फोटो मोबाईलवर दाखवले. बराच वेळ झूम करून सांधे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, हे कापायला आपल्या मशीनला काही अवघड नाही. फाईल कोण करणार?"

आपल्या कॉलेजच्या पोरांनी, असं मी त्याला सांगून आलोय.