कौटुंबिक चित्रपटातील नाण्यांचा संचय

नाणकसंग्राहक चलनातून गेलेले नाणे जपतो. संसारी माणूस चलनातलेच नाणे साठवितो, ते प्रसंगी खर्चण्यासाठी. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) या हिंदी चित्रपटाचा कणा हा दुसरा संचय आहे. जमीनदाराच्या कर्जापायी जाऊ पाहणारी जमीन सोडविण्यासाठी शंभू कलकत्त्यात रिक्षा ओढतो. मुलगा कन्हैया बूटपॉलिश करतो. मुलाने चोरून आणलेला पैसा बाप नाकारतो. घामाची शिल्लक मात्र जखमी पत्नीच्या उपचारांसाठी मोडतो. जमीन जाते. संचयाचा अर्थ तो कशासाठी मोडला यावरून ठरतो, हेच येथे प्रत्ययास येते. १९५७ साली १६ आण्यांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. तो आणा आता संग्राहकांपाशी आढळतो. त्यामागील कष्टांची नोंद या चित्रपटात राहिली आहे.