आजीची फाईल कोण उघडणार?

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना माळ्यावरून आमचा जुना कॉम्प्युटर खाली आला. बाबा म्हणाले, "भंगारात घालायच्या आधी आजीची फाईल तेवढी काढून घे." २००३ साली आजी सांगत गेली होती आणि बाबांनी रोज रात्री थोडं थोडं टाईप केलं होतं. ११ डिसेंबर १९६७ची पहाट, कोयनेचा भूकंप, पाटण तालुक्यातलं आमचं पडलेलं घर. आजी आता नाही. ते सगळं कागदावर कधी उतरलंच नव्हतं.

हार्ड डिस्क नशिबाने चालू झाली, फाईलही सापडली. पण ज्या प्रोग्राममध्ये ती टाईप केली होती, तो केव्हाच बंद पडलेला. माझ्या लॅपटॉपवरच्या नव्या, पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरने ती उघडायला सरळ नकार दिला. शेवटी लिबरऑफिस डाऊनलोड केलं आणि फाईल उघडली. पडद्यावर मात्र मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होती. युनिकोड येण्याआधीचा फॉन्ट होता तो, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेला. तोही त्याच डिस्कवर होता. तो बसवला आणि पहिली ओळ दिसली, "पहाटंचं भांडी वाजली, मला वाटलं मांजर शिरलं."

इंजिनिअरिंगला असताना लिबरऑफिसला आम्ही 'फुकटवालं' म्हणायचो. त्या फुकटवाल्याला जे जमलं, ते महागड्याला का जमलं नाही? या प्रश्नामुळे मी त्याचा इतिहास वाचायला बसलो.

गोष्ट जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग या गावात सुरू होते. मार्को बोरिस नावाच्या मुलाने १९८०च्या दशकात, शाळकरी वयातच 'स्टार डिव्हिजन' ही कंपनी काढली. तिचं उत्पादन होतं स्टारऑफिस. १९९९मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी विकत घेतली. सनमध्ये काम केलेल्या सायमन फिप्स यांनी नंतर त्याचं कारण सांगितलं. सनचे सुमारे ४२ हजार कर्मचारी होते. तेवढ्या सगळ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा एक अख्खी कंपनी विकत घेणं स्वस्त पडत होतं! म्हणजे पर्याय शोधण्यामागे सुरुवातीला तत्त्वबित्त्व फारसं नव्हतं, साधा हिशोब होता.

तत्त्व पुढच्या वर्षी आलं. १३ ऑक्टोबर २००० रोजी सनने या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड जगासाठी खुला केला. ओपनऑफिसचा जन्म झाला. कोणीही तो कोड वाचावा, बदलावा, वाटावा. आपल्याकडे २००५मध्ये केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरच्या मोफत सीडी वाटल्या, त्यांत ओपनऑफिसही होतं. २००६मध्ये त्याच्या फाईलचा साचा, ओडीएफ, आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झाला. हा साचा समजायला सोपा आहे. एखाद्या ओडीटी फाईलच्या नावाशेवटी 'झिप' लावून ती उघडून बघा. आत तुमचा मजकूर साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत दिसेल. उद्या सगळी ऑफिस सॉफ्टवेअर्स नाहीशी झाली, तरी तो वाचता येईल.

खरी परीक्षा २०१०मध्ये झाली. जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली. ओपनऑफिसवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना भीती वाटू लागली, की नव्या मालकाला यात रस नसला तर? २८ सप्टेंबरला त्यांच्यातल्या अनेकांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' जाहीर केलं. ओपनऑफिस हे नाव आम्हाला द्या, अशी विनंती ओरॅकलला केली. नाव मिळालं नाही. उलट, फाउंडेशनमध्ये गेलेल्यांनी जुन्या समितीतून बाहेर पडावं, असं सुचवण्यात आलं. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं 'लिबरऑफिस' हेच नाव मग कायम झालं.

याला आमच्या धंद्यात 'फोर्क' म्हणतात. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की जमिनीचे तुकडे पडतात, भांडीकुंडी वाटली जातात. इथे वेगळा होणारा अख्खी जमीन घेऊन जातो आणि मागे राहिलेल्याकडेही ती अख्खीच राहते. वाटणीत जात नाही ती फक्त घरावरची पाटी. कोड खुला असल्यामुळे हे करायला कोणाची परवानगी लागली नाही. तो बंद असता, तर त्या लोकांना राजीनामे देऊन घरी जाण्यापलीकडे काही करता आलं नसतं.

पाटीची ताकद मात्र कमी समजू नका. २०११मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनला देऊन टाकलं. त्याची ४.१ ही आवृत्ती २०१४ची. त्यानंतर आल्या त्या किरकोळ दुरुस्त्याच. बहुतेक काम करणारे हात लिबरऑफिसकडे गेले होते. तरी लोक जुन्या नावाच्या ओळखीने ओपनऑफिसच शोधतात आणि मागे पडलेलं सॉफ्टवेअर घेऊन बसतात. नुसतं 'ओपन सोर्स आहे ना' एवढं बघून भागत नाही. त्यावर आज कोणी काम करतंय का, हेही बघावं लागतं.

आणि आजीची फाईल? लिबरऑफिसच्या आसपासच्या काही लोकांनी बंद पडलेल्या प्रोग्राम्सच्या फाईली एकेक बाईट तपासून उलगडायचं काम वर्षानुवर्षं केलंय. २०१४मध्ये त्याला 'डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट' असं नाव मिळालं. मेलेल्या प्रोग्रामची फाईल उघडण्यात कुठल्या कंपनीला कसला फायदा? पण ज्याच्या घरात तशी फाईल पडून आहे, त्याला ती उघडायचीच असते.

लिबरऑफिस देखणं नाही. दुसऱ्याकडून आलेल्या फाईलमधली टेबलं कधी कधी विस्कटतात, माझं ऑफिसचं काम अजूनही कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरवरच चालतं. पण नोट्स असोत, फोटो असोत की घरखर्चाचा हिशोब, फोनवर कुठलंही नवं ॲप घेताना मी आता आधी एक गोष्ट बघतो. माझं त्यातलं सगळं, दुसरीकडे उघडेल अशा साच्यात बाहेर काढता येतं का? येत नसेल, तर दुसरं ॲप शोधतो.

आजीचा मजकूर मी युनिकोडमध्ये आणला. चार रात्री लागल्या, कारण जोडाक्षरं जागोजागी फुटली होती. ओडीटीत ठेवला, पीडीएफ काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवली आणि दोन प्रती छापूनही घेतल्या. बाबांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "ही अजून वीस वर्षांनी उघडेल ना रे?"

"उघडेल," मी म्हणालो. "नाही उघडली, तर उघडणारं काहीतरी लिहिता येईल."