महालक्ष्म्यांची आरास: काटकसरीच्या वैभवाचा इतिहास

१/
छत्रपती संभाजीनगरची ओळख म्हणून दोन गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात: बीबी का मकबरा आणि हिमरू. दोन्हींच्या मुळाशी एकच विद्या आहे, मर्यादित खर्चात वैभव उभे करण्याची. या विद्येचा तिसरा नमुना कोणत्याही संग्रहालयात मांडलेला नाही. तो भाद्रपदात तीन दिवस येथील घरांत उभा राहतो आणि चौथ्या दिवशी डब्यांत, कपाटांत, स्वयंपाकघरात परत जातो. महालक्ष्म्यांच्या आराशीचा हा इतिहास. #धागा

२/
आधी मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम हिच्या स्मरणार्थ १६६० च्या सुमारास ही वास्तू उभी राहिली. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’च्या आधारे तिचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे सांगितला जातो. ताजमहालापुढे ही रक्कम अल्पच. म्हणून संगमरवर केवळ खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला वापरला गेला. मधला भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा. त्यावर घोटून गुळगुळीत केलेला गिलावा आणि गिलाव्यात उठवलेली नक्षी. दुरून पाहणाऱ्यास सारे एकसंध शुभ्र दिसते.

३/
मग हिमरू. किनखाबात रेशमासोबत सोन्याचांदीची जर विणली जाई. ते वस्त्र दरबारी श्रीमंतीचे. हिमरूत सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून तशीच वेलबुट्टी खुलवली जाते. ‘हमरू’, म्हणजे सारखे दिसणारे, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी हलवली, तेव्हा विणकरही येथे आले, अशी परंपरा आहे. सुताला रेशमाचे रूप देणारे हे हात पुढे शहराची कीर्ती झाले.

४/
आता घराचा उंबरठा. भाद्रपद शुक्ल पक्षात गणपतीपाठोपाठ येणाऱ्या ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना मराठवाड्यात आणि विदर्भात ‘महालक्ष्म्या’ म्हणतात. हा सण नक्षत्रांवर चालतो. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन व महानैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन. दोघी बहिणी माहेरी येतात, जेवतात आणि तिसऱ्या दिवशी निरोप घेतात, ही त्यामागची लोकभावना. म्हणून सजावटीचे स्वरूपही मंदिराचे नसते. ते लेकीसाठी आवरलेल्या घराचे असते.

५/
महाराष्ट्रात गौरीचे रूप एकच नाही. कुठे पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणून पूजतात, कुठे तेरड्याची रोपे, कुठे मातीचे मुखवटे, कुठे पितळेचे. रूपे वेगळी असली तरी तत्त्व एक: जेथे जे सहज मिळते, त्याचीच देवी होते. पूजेच्या संकल्पातही ‘यथामीलित’ असा शब्द येतो. अर्थ असा, की जे जमले त्या साहित्याने. काटकसर ही येथे धर्माशी केलेली तडजोड नाही. विधीनेच तिला जागा ठेवली आहे.

६/
या शब्दाला स्थानिक संदर्भही आहे. शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरी. तेथील यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात हेमाद्री पंडिताने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ रचला. त्याच्या ‘व्रतखंडा’त वर्षभराच्या व्रतांचे विस्तृत संकलन आहे. ग्रंथ विधी सांगतो. तो विधी कोणत्या भांड्यांत, कोणत्या वस्त्रांत आणि किती पैशांत पार पाडायचा, हे मात्र घरातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवले. आराशीचा इतिहास तेथून सुरू होतो.

७/
मराठवाडी आराशीचा गाभा म्हणजे मुखवटा आणि कोठी. कोठी म्हणजे मातीचे वा पत्र्याचे पोकळ धड. त्यात गहू, तांदूळ भरायचे, वर मुखवटा बसवायचा, साडी नेसवायची. समोर धान्याच्या राशी. जुन्या माळवदाच्या घरांत धान्य भिंतीतल्या बळदात, कणगीत किंवा जमिनीखालच्या पेवात असे. भाद्रपद हा जुना साठा सरत येण्याचा काळ. ज्वारी-बाजरी अजून शेतात उभी असते. अशा वेळी कोठी भरणे म्हणजे देवीच्या निमित्ताने घरातल्या धान्याचा अंदाज घेणेही होते. तीन दिवसांनी तेच धान्य जात्यावर जाई.

८/
पार्श्वभूमीला साड्या. चुण्या घालून भिंतीवर ताणलेल्या, कमानीसारख्या सोडलेल्या. पैठण या शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटर, पण पैठणी प्रत्येक घरात नव्हती. घरातली एकच पैठणी थोरलीच्या अंगावर किंवा मखराच्या मधोमध येई आणि बाजूंना सुती लुगडी. १८८९ मध्ये शहरात कापडगिरणी उभी राहिली. पुढे गिरणीचे स्वस्त कापडही या भिंतींवर आले. साडीचे आयुष्य मात्र सणाने संपत नसे.

९/
नेसून विरलेल्या लुगड्यांची गोधडी होई. गोधडी फाटली की पोतेरे. चिंध्यांनाही या परिसरात मोल होते. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान वसलेल्या कागजीपुऱ्यात चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद बनवण्याची जुनी परंपरा आहे. वस्तू टाकून देण्याआधी तिचे दुसरे, तिसरे रूप शोधणारी ही अर्थव्यवस्था होती. मखरामागची साडी हा त्या साखळीतला सर्वांत मानाचा दुवा.

१०/
पायऱ्यांची रचनाही घरातलीच. खाली ट्रंका आणि धान्याचे डबे, वर पाट, त्यावर धुतलेली चादर. पायऱ्यांवर घासून लखलखीत केलेली तांब्यापितळेची भांडी आणि रुखवतात आलेल्या वस्तू: मण्यांची तोरणे, लोकरीची बाहुली, विणलेले रुमाल. लग्नात एकदा मांडलेले रुखवत वर्षानुवर्षे येथे पुन्हा प्रकाशात येई. सुनेने माहेराहून आणलेल्या कलाकुसरीला सासरच्या घरात मिळणारे हे वार्षिक प्रदर्शनच होते.

११/
आराशीतील सर्वांत देखणी काटकसर म्हणजे फुलोरा. कणकेच्या किंवा मैद्याच्या करंज्या, पापड्या, वेणी, फणी, करंडा असे आकार तळून ते देवीच्या डोक्यावर दोऱ्यांनी टांगले जातात. झुंबराची हौस तळणीतून भागते, आणि विसर्जनानंतर झुंबर मुलांच्या हातात जाते. दिवेही तसेच. पुरणाचे दिवे करून त्यांत तुपाच्या वाती लावतात आणि नंतर ते प्रसाद म्हणून वाटतात. राहिलेले काही टाकावे लागत नाही.

१२/
महानैवेद्यात पुरणपोळी, कढी, ज्वारीची आंबील आणि सोळा भाज्या. सोळा हा आकडा श्रीमंती वाटतो. प्रत्यक्षात भाद्रपदात परसात आणि बांधावर दोडकी, कारली, पडवळ, भोपळा, भेंडी, गवार, अंबाडी, तांदुळजा असे बरेच काही असे. कोणाच्या मांडवावर दोडकी, कोणाच्या परड्यात अंबाडी. मूठमूठ देवाणघेवाण झाली की सोळा भरत. हा आकडा एका घराने पुरा करणे कठीण आणि आळीने पुरा करणे सोपे होते.

१३/
या काटकसरीची एक किंमत मात्र जमाखर्चात कधी लिहिली गेली नाही. पैसा वाचला तो स्त्रियांच्या श्रमांतून. भिंती सारवणे, भांडी घासणे, पाट्यावर पुरण वाटणे, सोवळ्यात स्वयंपाक करणे हे सारे त्यांचेच. आणि ज्या विधवा आत्या-काकूंनी रात्र जागून फुलोरा तळला, त्यांना सवाष्णींच्या हळदीकुंकवात जागा नसे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनानेही इतर गावांना तसे आवाहन केले. घरगुती सणांच्या इतिहासात या ठरावाची नोंद आवश्यक आहे.

१४/
या आराशीचा आणखी एक गुण संकटकाळात दिसतो. मुखवटे फडक्यात गुंडाळून कोठेही नेता येतात. धान्य, साडी आणि पाट जेथे जावे तेथे मिळतात. निजाम राजवटीच्या अखेरच्या वर्षांत रझाकारांच्या दहशतीमुळे मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी गाव सोडून सरहद्दीपलीकडे आश्रय घेतला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला संस्थान शरण आले. पंचांगात ते दिवस भाद्रपद शुक्ल पक्षाचेच होते. विस्थापनाच्या अशा काळात जड मखरापेक्षा हलका मुखवटा टिकण्याची शक्यता अधिक.

१५/
दुसरी कसोटी १९७२ च्या दुष्काळाची. विहिरी आटल्या, रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळू लागला, आणि शेतकरी कुटुंबांतील स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडू लागले. राशी घालण्यापुरते धान्य नसलेल्या घरांना ‘यथामीलित’ या शब्दाचाच आधार होता. ओंजळभर दाणे ही रास आणि चार भाज्या हाच नैवेद्य ठरू शकतो, ही मुभा परंपरेत आधीपासून होती. व्रत मोडले नाही आणि कर्जही काढावे लागले नाही, हा या सोयीचा खरा अर्थ.

१६/
त्याच दशकात शहर बदलू लागले. सिडकोने नव्या वसाहती वसवल्या, चिकलठाण्यात कारखाने वाढले, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा प्रकल्प सुरू झाला. खेड्यांतून आलेल्या कामगार कुटुंबांनी दोन खोल्यांच्या घरांत महालक्ष्म्या बसवल्या. बळद गेले, स्टीलचे डबे आले. मातीच्या कोठीऐवजी लोखंडी स्टँड, सारवलेल्या भिंतीऐवजी पडदा. जागा आक्रसली तरी ट्रंक-पाट-साडी ही रचना तशीच राहिली, कारण ती मुळातच कमी जागेसाठी आणि कमी पैशांसाठी घडलेली होती.

१७/
तयार मखरे नंतर आली. थर्माकोलचे महाल स्वस्त, हलके आणि एका वर्षाचे सोबती. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली. गणेशोत्सवाच्या मखरांना सवलत देण्यास त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. त्यानंतर ‘पर्यावरणपूरक सजावट’ हा शब्द बाजारात रुळला आणि कागदी, कापडी, बांबूची मखरे नव्या दराने विकली जाऊ लागली. ज्या घरांत आजीच्या साड्यांची आरास होती, तेथे हा शब्द पोहोचण्याआधीच ती वस्तू हजर होती.

१८/
सणाचा खर्च हा प्रश्न आजही जिवंत आहे. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने ‘आनंदाचा शिधा’ दिला: रवा, हरभरा डाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो, एक लिटर पामतेल, किंमत १०० रुपये. पुढच्या वर्षी गौरी-गणपतीलाही तो दिला गेला. पुरणाची डाळ आणि फुलोऱ्याचे तेल सवलतीत द्यावे लागले, याचाच अर्थ सणाचे ताट अनेक घरांना अजूनही जड आहे. काटकसर ही हौस कोणासाठी आणि गरज कोणासाठी, हे पाहिल्याशिवाय तिचे कौतुक अपुरे आहे.

१९/
मकबऱ्याचा खर्च आण्यापर्यंत नोंदला गेला आणि वास्तुकार अताउल्लाचे नाव प्रवेशद्वारावर कोरले गेले. महालक्ष्म्यांची आरास करणाऱ्यांची नावे मात्र कोठेच नाहीत. इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी हे काम अद्याप मोकळे आहे. आपल्या घरातील मुखवटे कोणी, कोणत्या पेठेतून आणले, कोठी कोणाच्या काळातली, दुष्काळात काय मांडले, फुलोरा कोणाच्या हातचा आणि कोणाला हळदीकुंकवाला बोलावले गेले नाही, हे आजीला, आत्याला विचारून लिहून ठेवावे. ही माहिती दफ्तरखान्यात सापडणार नाही. ती फक्त त्यांच्या आठवणीत आहे.