जपानचें ऋतुपंचांग आणि आपला मृग

कामरगावासारख्या वऱ्हाडी गांवीं राहून जपानच्या ऋतूंविषयीं बोलावें, हें कोणास विचित्र वाटेल. पण मृगाचें वाहन पाहून ज्यानें पेरणीचा विचार केला आहे, त्याला जपानी पंचांग परकें वाटण्याचें कारण नाहीं.

आपण पावसाळा सूर्यनक्षत्रांनीं मोजतों. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, आणि दर तेरा-चौदा दिवसांनीं नक्षत्र बदलतें. जपानी लोकांचें माप याहून बारीक. वर्षाचे चोवीस भाग, प्रत्येकाचे पुन्हा तीन. म्हणजे पांच-पांच दिवसांचे बहात्तर ऋतु! त्यांचीं नांवें घराबाहेर दिसणाऱ्या लहानशा गोष्टींचीं: पीचचें पहिलें फूल उमलणें, बेडूक ओरडूं लागणें, रानहंसांचे थवे उत्तरेस परतणें.

मूळ कल्पना चीनची. ८६२ सालीं स्वीकारलेलें चिनी पंचांग जपाननें आठशें वर्षांहून अधिक काळ चालविलें. अखेर शिबुकावा शुनकाई या ज्योतिर्विदाचें नवें पंचांग १६८५ पासून अमलांत आलें, आणि तीं बहात्तर नांवेंहि जपानी हवामानाशीं जुळवून घेतलीं गेलीं. एकच उदाहरण पुरे. कुजलेल्या गवताचे काजवे होतात, अशी जुनी चिनी समजूत होती. (शास्त्रदृष्ट्या खोटी, परंतु किती गोड!) चिनी यादींत हा काळ जुलैच्या अखेरीस येतो, तर जपानी यादींत ११ जूनच्या सुमारास. आपल्याकडे पहिल्या सरीनंतर मृगाचे मखमली तांबडे किडे मातीवर फिरूं लागतात आणि सह्याद्रींत झाडें काजव्यांनीं लखलखतात, तेहि हेच दिवस.

चंद्राचेंहि तसेंच. जुन्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेस जपानी लोक तांदळाच्या पिठाचे गोळे आणि एका रानगवताचे तुरे मांडून चंद्रदर्शन करतात. ती बहुधा आपली भाद्रपदी पौर्णिमा. आपली कोजागिरी त्यानंतर महिन्यानें. पाऊस हटल्यावांचून आपल्याला निरभ्र चंद्र कोठून मिळणार? मधला महिना मात्र वऱ्हाडांतील मुलींनीं रिकामा सोडला नाहीं. भाद्रपदी पौर्णिमेस भुलाबाई बसते, आणि कोजागिरीपर्यंत रोज गाणीं म्हणणें व झांकलेली खिरापत ओळखणें चालतें. आमचा ज्वारीच्या धांड्यांचा मखर त्या जपानी तुऱ्यांहून कमी सुंदर नसतो, असें माझें मत आहे.

एवढें जुळवून आणलेलें पंचांग जपाननें एका हुकुमासरशीं बाजूस सारलें. १ जानेवारी १८७३ पासून तेथें युरोपीय कालगणना सुरू झाली. जुन्या गणनेनें त्या वर्षीं अधिक महिना पडत होता. तेराव्या महिन्याचे पगार वाचवावे, हाहि सरकारचा एक हिशेब होता! सण मात्र तारखांना चिकटले. अभिजित आणि श्रवण या दोन तारकांच्या भेटीचा ‘तानाबाता’ सण सातव्या महिन्याच्या सप्तमीचा. तो ७ जुलैवर गेला, आणि तेव्हां तर तिकडे पावसाळा, आकाश झांकलेलें. सेन्दाई शहरानें तो ऑगस्टांत नेऊन आपल्यापुरती दुरुस्ती केली. आपण १ जानेवारी कचेरीसाठीं घेतली आणि पोळा श्रावणी अमावास्येसच ठेविला. यांत शहाणपण किती आणि आळस किती, तें ठरविणें कठीण. फायदा झाला, हें खरें.

पण पंचांगाहून पाहणारा डोळा अधिक महत्त्वाचा. जपानच्या हवामान खात्यानें १९५३ पासून देशभर एका पद्धतीनें पहिला काजवा, पहिलें फूल यांच्या नोंदी ठेविल्या. शहरें वाढलीं, वेधशाळांजवळ ते जीव दिसेनासे झाले, आणि २०२१ पासून तेवीस जातींच्या प्राण्यांच्या साऱ्या नोंदी बंद होऊन वनस्पती चौतिसांवरून सहांवर आल्या. चेरी राहिली. क्योटोच्या चेरीचा बहर जुन्या रोजनिशा व बखरींतून ८१२ सालापर्यंत मागें शोधतां येतो, प्रा. यासुयुकी आओनो यांनीं तें काम केलें. १४०९ सालीं बहर २७ मार्चला पूर्ण झाला होता. इतका लवकर तो पुढें सहाशें वर्षें आला नाहीं. २०२१ सालीं २६ मार्चलाच आला. जुन्या दरबाऱ्यांनीं व भिक्षूंनीं फुलांचा दिवस टिपून ठेविला नसता, तर हवा किती पालटली हें सांगणारा साक्षीदार उरला नसता.

आमच्या शिवारांतला पळस पहिल्यानें केव्हां फुलतो, तें मीं निवृत्तीनंतर भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटींत लिहूं लागलों आहें. अद्याप चारच नोंदी झाल्या आहेत.