शब्दांची खाण आणि शास्त्रांचे नाते

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला खाणकाम नवे नाही. चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज सर्वांना ठाऊक आहे. परंतु छापील मजकुराचीही खाण असते, आणि तिच्यातून निरनिराळ्या शास्त्रांचे लपलेले नाते बाहेर काढता येते. या कामास 'टेक्स्ट मायनिंग' म्हणतात.

शास्त्रांचे नाते म्हणजे काय? आपल्या वनभागातले दोन आजार घ्या. हिवताप डासामुळे होतो, तर सिकलसेल आईवडिलांकडून वारशाने येतो. दोहोंचे अभ्यासकही वेगळे. तरीही १९५४ साली ॲलिसन यांनी आफ्रिकेतील पाहणीवरून दाखविले की, सिकलसेलच्या वाहक मुलांना हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. दोन शास्त्रे एका रक्तपेशीत भेटली!

अशी भेट केवळ वाचनानेही घडते. १९८६ साली शिकागो विद्यापीठाचे डॉन स्वॅन्सन यांना दिसले की, काही निबंध थंडीत बोटे पांढरी पडण्याच्या रेनॉ विकारात रक्त दाट असल्याचे सांगतात. दुसरे काही निबंध माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो म्हणतात. दोन्ही गट एकमेकांच्या लेखनाचा दाखलाच देत नव्हते! स्वॅन्सन यांनी दुवा जोडला. पुढे रुग्णांवरील प्रयोगातही त्याला आधार मिळाला.

आज हे काम संगणक करतो. कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी वारंवार येतो, हे तो मोजतो. २०१९ साली अमेरिकेतील बर्कले येथील संशोधकांनी सुमारे ३३ लाख निबंधांचे सारांश संगणकाला दिले. रसायनशास्त्र न शिकविताही त्याने उष्णतेपासून वीज देऊ शकतील असे पदार्थ सुचविले. अर्थात शब्दांची शेजारओळख म्हणजे पुरावा नव्हे; प्रयोग करावाच लागतो.

पालकहो, विद्यार्थी मित्रहो, यातला खरा धडा निराळाच आहे. यंत्राला लिहिलेले तेवढेच सापडते. १९९९ साली डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांचे, गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याविषयीचे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, म्हणून आपल्या खेड्यांचा अनुभव जगाच्या ज्ञानाला जोडला गेला. मोह केव्हा फुलला, पाऊस किती पडला, गावात ताप कधी आला, याची तारीखवार नोंद आपली मुलेही वहीत ठेवू शकतात. जे लिहिलेच नाही, ते कोणत्याही खाणीतून निघणार नाही.