प्रीन्त्याख : आयरिश भाषेतील भोजनगृह

मठ, शाळा वा वसतिगृह येथील सामुदायिक भोजनगृहासाठी आयरिश भाषेत 'प्रीन्त्याख' हा शब्द आहे. (येथील उच्चार ढोबळ आहेत, बोलीनुसार ते बदलतात.) 'प्रीन' म्हणजे जेवण आणि 'त्याख' म्हणजे घर. पैकी 'प्रीन' हा लॅटिनमधील 'प्रांदियुम' या दुपारच्या भोजनवाचक शब्दापासून आला. ख्रिस्ती मठांबरोबर आयर्लंडमध्ये जे लॅटिन शब्द रुजले, त्यांतलाच हा एक. 'त्याख' मात्र अस्सल केल्टिक आहे. गवताने शाकारलेल्या छपरासाठीचा इंग्रजी 'थॅच' हा त्याचा दूरचा नातलग होय. पैसे देऊन जेवायच्या उपाहारगृहाला आज 'बियलन' हा वेगळा शब्द रूढ आहे.

समासाचे लिंग उत्तरपदावरून ठरते. 'प्रीन' स्त्रीलिंगी असला तरी 'त्याख' पुल्लिंगी असल्याने संपूर्ण शब्द पुल्लिंगी होतो. 'पाठ' पुल्लिंगी असूनही आपली 'पाठशाळा' स्त्रीलिंगीच राहते, तसेच हे. विभक्तीही 'त्याख'प्रमाणेच चालते : षष्ठी 'प्रीन्ती', अनेकवचन 'प्रीन्तिहे'.

नवशिक्याची खरी दमछाक होते ती शब्दाच्या आरंभी. मराठीत 'घर'चे 'घरात', 'घराचे' होताना बदल शेवटाकडे होतो. आयरिशमध्ये शब्दाचे पहिले व्यंजनच पालटते. 'भोजनगृहात' म्हणायचे तर 'स फ्रीन्त्याख', 'भोजनगृहापाशी' म्हणायचे तर 'एग अन ब्रीन्त्याख' आणि 'भोजनगृहाचे दार' म्हणजे 'दोरस अन फ्रीन्ती'. (यातील 'दोरस' आपल्या 'द्वार'च्याच कुळातला.) शब्दकोशात मात्र नोंद एकच, 'प'खाली. नील ओ डोनल यांनी संपादित केलेल्या १९७७च्या आयरिश-इंग्रजी कोशात 'ब' किंवा 'फ'खाली शोधणाऱ्याच्या हाती काही लागायचे नाही.

सुदैवाने लेखनपद्धती मूळ अक्षर पुसत नाही. 'ब'चा उच्चार होतो तेथे 'ब'मागे मूक 'प' लिहितात, तर 'फ'साठी 'प'ला 'ह' जोडतात. ही सोय मोलाची आहे, कारण बहुतेकांची या भाषेशी गाठ घरात नव्हे, शाळेतच पडते. २०२२च्या जनगणनेत आयर्लंडमधील सुमारे १८.७ लाख लोकांनी आयरिश येत असल्याचे सांगितले. शिक्षणाबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच होते. त्यातही अल्स्टरच्या बोलीत 'एग अन'नंतर 'ब' न येता 'फ'च येतो.