गरुडीने मागितलेली मुदत : १४ फेब्रुवारी, मदनोत्सव आणि रायपूर-आमगाव पट्ट्यातील प्रेमकथा

१४ फेब्रुवारी या दिवसावरून भारतात १९९० च्या दशकापासून जे वाद झाले, त्यांत छत्तीसगडचे उदाहरण काहीसे निराळे आहे. मुंबईत आणि उत्तरेकडील शहरांत या दिवसाला झालेला विरोध मुख्यतः रस्त्यावरचा होता. भेटकार्डांची दुकाने आणि बागांमधली जोडपी हे त्याचे लक्ष्य होते. छत्तीसगडात मात्र रमण सिंह यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (२००३-२०१८) शासनानेच हा दिवस शाळांमधून ‘मातृ-पितृ दिवस’ म्हणून पाळण्याचे ठरविले. मुलांनी आईवडिलांचे पूजन करावे, अशी त्यामागची कल्पना होती. रायपूर स्थानकाला लागून, रुळांच्या पलीकडच्या अंगाला वसलेल्या गुढियारीसारख्या भागातील सरकारी शाळाही अर्थातच या निर्णयाच्या कक्षेत आल्या. प्रेमिकांच्या दिवसाला आईवडिलांचा दिवस हे उत्तर देण्यामागे एक गृहीतक आहे. प्रेमिकांची निवड आणि वडीलधाऱ्यांची इच्छा या परस्परविरोधी गोष्टी असून त्यांतली पहिली परकी व दुसरी आपली, असे ते गृहीतक होय. साहित्येतिहासाच्या कसोटीवर ते कितपत टिकते, हा येथील प्रश्न आहे.

आधी परक्या बाजूचा विचार करू. संत व्हॅलेंटाइन या नावाभोवती तिसऱ्या शतकातील किमान दोन हुतात्म्यांच्या कथा गुंफलेल्या आहेत. एक रोमचा धर्मगुरू, तर दुसरा तेर्नीचा बिशप. सैनिकांची लग्ने चोरून लावून देणारा व्हॅलेंटाइन ही कथा या जुन्या चरित्रांत नाही, ती पुष्कळ नंतरची भर आहे. लुपरकालिया हा रोमन उत्सव मोडून पोप गेलाशियसने त्या जागी हा दिवस बसविला, असे वृत्तपत्रांतून दरवर्षी छापून येते. गेलाशियसने लुपरकालियावर टीका केली हे खरे; पण त्याने त्याच्या जागी प्रेमिकांचा उत्सव दिला, याला आधार नाही. जॅक ओरुच यांनी १९८१ मध्ये ही बाब सविस्तर मांडली आणि या दिवसाचा प्रेमाशी आलेला पहिला ज्ञात संबंध चॉसरपर्यंत आणून ठेवला. हेन्री अ‍ॅन्सगर केली यांनी १९८६ मध्ये चॉसरला अभिप्रेत असलेला व्हॅलेंटाइन जेनोआचा आणि त्याचा दिवस मे महिन्यातला असावा, असा पक्ष मांडला. तारखेबाबत मतभेद असले तरी आरंभबिंदू चॉसरच आहे, हे दोघांनाही मान्य आहे. पुढे १९६९ च्या सुधारणेत रोमन चर्चने आपल्या सर्वसाधारण पंचांगातून व्हॅलेंटाइनचे नाव वगळले. चर्चने सोडलेला हा संत बाजाराने मात्र घट्ट धरून ठेवला, हा योगायोग गमतीचा आहे.

चॉसरचे ‘पार्लमेंट ऑफ फाउल्स’ हे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्वप्नकाव्य. सृष्टिदेवीसमोर सर्व पक्षी जोडीदार निवडण्यासाठी जमले आहेत. देवीच्या हातावर एक गरुडी बसली आहे आणि तीन नर गरुड तिच्यासाठी आपापली बाजू मांडत आहेत. खालच्या दर्जाचे पक्षी या लांबलेल्या वादाला कंटाळून कलकलाट करतात. अखेर देवी निवड गरुडीवरच सोपविते. त्यावर गरुडी कोणाचेच नाव घेत नाही. ती एक वर्षाची मुदत मागते आणि देवी ती देते. बाकीचे पक्षी जोड्या जमवून उडून जातात. व्हॅलेंटाइनचा दिवस प्रेमाशी ज्या काव्याने जोडला, त्या काव्याची नायिका त्या दिवशी होकार देत नाही, याकडे या दिवसाच्या समर्थकांचे आणि विरोधकांचेही फारसे लक्ष गेलेले नाही.

साहित्यातून जन्मलेला हा दिवस समाजात उतरला तेव्हा आईवडील त्यातून बाहेर पडले नव्हते. १४७७ च्या फेब्रुवारीत नॉरफोकमधील मार्जरी ब्रूज हिने जॉन पॅस्टनला लिहिलेले पत्र हे इंग्रजीतील सर्वांत जुने उपलब्ध व्हॅलेंटाइन-पत्र मानले जाते. त्यातला जिव्हाळा सुंदर आहे, पण पत्राचा विषय हुंडा आहे. मार्जरीचे वडील रक्कम वाढवायला तयार नाहीत, आईने खटपट करून पाहिली आहे. तेव्हा जॉनचे खरोखर प्रेम असेल तर त्याने एवढ्यावरून आपल्याला सोडू नये, असे ती लिहिते. त्याहून लक्षणीय आहे ते तिच्या आईचे पत्र. एलिझाबेथ ब्रूज यांनी भावी जावयाला शुक्रवारी व्हॅलेंटाइनचा दिवस असून त्या दिवशी पक्षी जोडीदार निवडतात याची आठवण करून दिली आणि आदल्या रात्री येऊन नवऱ्याशी बोलणी पुरी करण्याचे सुचविले. येथे व्हॅलेंटाइनचा दिवस हे मुलीच्या आईच्या हातातले वाटाघाटीचे साधन आहे. लग्न त्याच वर्षी झाले.

यानंतरचा इतिहास परिचित आहे. १८४० च्या पेनी पोस्टमुळे इंग्लंडात निनावी पत्रे स्वस्त झाली. अमेरिकेत त्याच दशकापासून मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या एस्थर हाउलंड यांनी लेस लावलेल्या कार्डांचा व्यवसाय उभारला. भारतात १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्चीज’सारख्या भेटकार्ड-कंपन्या आणि १९९१ नंतरच्या दूरचित्रवाहिन्या यांनी हा दिवस शहरोशहरी नेला. जे आले ते कार्ड होते. गरुडी आणि एलिझाबेथ ब्रूज त्याबरोबर आल्या नाहीत.

आता आपल्या बाजूकडे. व्हॅलेंटाइनला उत्तर म्हणून ‘आमचाही मदनोत्सव होता’ असे सांगणारा एक उदारमतवादी पक्ष आहे. त्याचा हेतू चांगला आहे, पण त्याने केलेले समीकरण घाईचे आहे. संस्कृत नाटकांतला मदनोत्सव हा प्रेमी युगुलांचा दिवस नव्हता. हर्षाच्या ‘रत्नावली’त, म्हणजे सातव्या शतकात, तो सबंध नगराचा उत्सव आहे, गुलाल, पिचकाऱ्या, नाचगाणी यांनी रस्ते भरलेले आहेत. राजवाड्याच्या उद्यानात राणी वासवदत्ता अशोकाखाली मदनाची पूजा करते आणि लगेच पतीची. आडून पाहणाऱ्या सागरिकेला राजा म्हणजेच प्रत्यक्ष मदन वाटतो, आणि नाटकाची गुंतागुंत तेथून सुरू होते. पत्नीने पतीला मदनरूपात पूजावे, हा विधी पुराणांतही आहे आणि तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या हेमाद्रीने आपल्या व्रतखंडात मदनमहोत्सवाला जागा दिली आहे. उत्सव व्रतात गेला, व्रत घरात गेले आणि घरातूनही ते हळूहळू विरले. चैत्रातल्या मदनपूजेच्या शेजारच्याच तिथीला धर्मशास्त्रग्रंथ दमनक, म्हणजे दवणा, वाहण्यास सांगतात. तो दवणा आज जोतिबाच्या चैत्रयात्रेत दिसतो, पण तो वाहणाऱ्याला मदनाचे स्मरण असण्याचे कारण उरलेले नाही. माघातल्या वसंतपंचमीला पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह लागतो. वसंताचे स्वागत तेथे विवाहातून होते. ज्यांना अनौपचारिक प्रेमाचा उत्सव हवा आहे, त्यांनी राजवाडा सोडून हालाच्या ‘गाथासप्तशती’कडे वळावे. त्या महाराष्ट्री प्राकृत गाथांतील एकीत फाल्गुनोत्सवात कोणीतरी अंगावर टाकलेल्या चिखलाची खूण नायिका धुऊ पाहते आहे, आणि त्या दिवशी त्यात दोष नसतो, असे तिला सांगितले जाते. ते जग खेड्याचे, शेतीवाडीचे आहे.

मदनोत्सवाचा खरा तुलनीय ग्रंथ मात्र गुढियारीच्या पलीकडून जाणाऱ्या लोहमार्गानेच गाठता येतो. १८८० च्या दशकात नागपूर आणि छत्तीसगड यांना जोडणारी ही वाट तयार झाली. त्यापूर्वी शंभर वर्षे तीच दिशा धरून नागपूरकर भोसल्यांचे कारभारी या प्रदेशात आले होते. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुराहून कारभार केला. १९५६ पर्यंत रायपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते. रायपूरहून पश्चिमेला दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड ओलांडून गाडी महाराष्ट्रात शिरली की गोंदियाच्या अलीकडे आमगाव लागते. त्याच्याजवळच्या पदमपूरला वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे विदर्भातील पद्मपूर मानले आहे. आठव्या शतकाच्या आरंभीच्या या नाटककाराच्या ‘मालतीमाधव’ची सुरुवात मदनोत्सवाने होते.

माधव हा विदर्भातील कुंडिनपूरचा, तेथील अमात्य देवराताचा मुलगा. शिक्षणासाठी तो पद्मावतीला आला आहे. मदनोद्यानात बकुळीची माळ गुंफत असता त्याला मालती दिसते, आणि ती माळ सखीच्या हातून तिच्याकडे जाते. वरवर पाहता ही आकस्मिक भेट. वस्तुतः ती कामंदकी या बौद्ध परिव्राजिकेने घडवून आणलेली आहे. मालती आणि माधव यांच्या वडिलांनी विद्यार्थिदशेत कामंदकीच्या साक्षीने मुलांचे लग्न लावण्याचा शब्द एकमेकांना दिला होता. अडचण राजाची आहे. त्याला मालती आपल्या नंदन नावाच्या मर्जीतल्या माणसासाठी हवी आहे. मंत्री भूरिवसू राजाला नकार देऊ शकत नाही. तो उत्तर देतो ते असे, की महाराज स्वतःच्या कन्येचे स्वामी आहेत. राजाने त्याचा अर्थ होकार असा घेतला. शब्दांचा अर्थ मात्र एवढाच, की महाराजांचा अधिकार त्यांच्या स्वतःच्या मुलीवर चालतो, माझ्या नाही. बापाच्या या एका दुटप्पी वाक्याने मुलीला अवधी मिळवून दिला. मालतीला हे ठाऊक नाही. वडिलांना राजाची मर्जी आपल्याहून प्रिय झाली असे समजून ती खचते, आणि तरीही कुळाला बट्टा लागेल म्हणून माधवाबरोबर जायला धजत नाही. तेव्हा कामंदकी तिच्यासमोर शकुंतला, उर्वशी आणि वासवदत्ता यांचे दाखले ठेवते. निवड करण्याचे धैर्य मुलीला साहित्यातून पुरविले जाते, हे भवभूतीने रंगमंचावरच दाखविले आहे.

याच मार्गावरील डोंगरगडची स्थानिक परंपरा आपल्या गावाला राजा कामसेनाची कामावती नगरी समजते आणि बमलेश्वरीच्या डोंगराशी माधवानल-कामकंदला यांची कथा जोडते. सोळाव्या शतकात गणपतीने जुन्या गुजरातीत आणि आलमने अवधीत ती काव्यबद्ध केली. भाषांच्या सीमा तिने सहज ओलांडल्या. नर्तकी कामकंदला दरबारात नाचत असता तिच्या वक्षावर भुंगा बसतो. लय न मोडता ती त्याला श्वासाने उडविते. हे एकट्या माधवानलाच्या लक्षात येते, आणि राजाने त्याला दिलेले बक्षीस तो तिला देऊन टाकतो. अपमानित राजा त्याला हद्दपार करतो. येथे आईवडील नाहीत, मुदतही नाही. मदतीला आलेला विक्रमादित्यसुद्धा आधी माधवानलाच्या मृत्यूची खोटी वार्ता देऊन कामकंदलेची परीक्षा घेतो, आणि ती प्राण सोडते. माधवानलही तिच्यामागे जातो. अमृताने दोघे उठतात, हा कथेचा सोपस्कार झाला. कोणाशीही बोलणी करण्याची सोय नसलेल्या प्रेमाला लोककथेने आकारलेली किंमत त्याआधीच दिसून गेलेली असते.

या दोन परंपरा रायपुरातच एकत्र आल्याचे एक उदाहरण आहे. १९२३ मध्ये येथे जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी १९९३ मध्ये शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चे ‘कामदेव का अपना, बसंत ऋतु का सपना’ हे रूपांतर केले. त्यांच्या नया थिएटरचा कणा छत्तीसगडी लोककलावंतांचा होता. शीर्षकात कामदेव आणण्याचा निर्णय वाटतो त्याहून नेमका आहे. मूळ नाटकात, अरण्यात झोपलेली जोडपी सापडतात तेव्हा थीसियस संत व्हॅलेंटाइनचा दिवस होऊन गेल्याचा आणि पक्षी आता कुठे जोड्या जमवीत असल्याचा विनोद करतो. त्याच नाटकाच्या आरंभी एजिअस हा बाप, मुलीने आपण निवडलेल्या मुलाशी लग्न करावे नाहीतर कायद्याने मरावे, अशी मागणी घेऊन दरबारात आला आहे. थीसियस त्याचा अधिकार नाकारत नाही, पण हर्मियाला नव्या चंद्रापर्यंत विचार करायला सांगतो. चार दिवसांच्या या अवधीत सबंध नाटक घडते.

देवीने गरुडीला दिलेले वर्ष, भूरिवसूच्या द्व्यर्थी उत्तराने मिळालेला वेळ आणि थीसियसने दिलेले चार दिवस यांचा परस्परांशी प्रभावाचा संबंध जोडण्याचे कारण नाही. भवभूती चॉसरला माहीत असणे शक्य नव्हते. साम्य रचनेत आहे. वसंताचा उत्सव ही थोरांचा निर्णय काही काळ थांबविणारी, मुलीला बोलू देणारी जागा आहे, आणि थोर माणसे त्या जागेत हजर आहेत. १४ फेब्रुवारीला आईवडिलांचे पूजन ठरविणाऱ्यांनी वडीलधाऱ्यांना या दिवशी नव्याने आणले, असे त्यामुळे म्हणता येत नाही. ते आधीपासूनच होते, बोलणी करीत. पूजनाच्या विधीत बोलण्याला जागा नाही. पूज्याने आशीर्वाद द्यायचा आणि पूजकाने वाकायचे. २०२३ मध्ये केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने त्याच दिवशी गाईला मिठी मारण्याचे आवाहन केले आणि काही दिवसांतच ते मागे घेतले. त्याची थट्टा पुष्कळ झाली. निवडीचा प्रश्नच उद्भवू नये असा प्रेमविषय शोधण्याची धडपड मात्र दोन्ही पर्यायांत सारखी आहे.

प्रश्न दिवसाच्या नावाचा असता तर तो केव्हाच मिटला असता. आमगाव असो की गुढियारी, मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना तिला ‘अजून नाही’ म्हणता येते का आणि म्हटले तर ते ऐकून कोण घेतो, ही गोष्ट भवभूतीच्या काळाइतकीच आजही अनिश्चित आहे. चॉसरच्या काव्यात गरुडीला मिळालेले वर्ष पुरे होत नाही. पक्ष्यांच्या गलक्याने निवेदक जागा होतो आणि पुन्हा पुस्तके उघडतो. पुढच्या व्हॅलेंटाइनला तिने काय सांगितले, हे त्याने लिहिलेले नाही.